दोन्ही बाजू मांडा, मग स्वतःचं मत द्या

४ फेब्रुवारी, मंगळवार

ठरलं. इंग्रजीची परीक्षा द्यायची. एप्रिलची तारीख घेतली, फी भरली, आता माघार नाही.

सकाळी दादाचा फोन आला होता. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. बरीच वर्षं परदेशात आहे आणि गेल्यापासून माझ्याशी फोनवर सावकाश बोलतो, जसं काही मराठी मला कळत नाही. तिकडच्या, त्याच्या ओळखीच्या एका डेंटल लॅबला अनुभवी टेक्निशियन हवाय. कॅप, ब्रिज, कवळी, सगळं हाताने करणारा. म्हणजे मीच. फक्त परीक्षेत निबंधाला साडेसहा गुण पाहिजेत, नऊपैकी.

निबंध! मला हसूच आलं. शाळेत 'माझा आवडता प्राणी' या निबंधात मी वर्गात दुसरा आलो होतो. त्या दिवशी बरीच मुलं गैरहजर होती, पण तो मुद्दा नाही.

ऐकणं, वाचणं, बोलणं यांची काळजी नाही. मी सिनेमे इंग्रजीच बघतो. खाली अक्षरं येतात ती बायकोसाठी.

बायकोला सांगितलं. ती कन्येचा युनिफॉर्म इस्त्री करत होती. म्हणाली, "हं." आनंदाने पुढे शब्द फुटला नसावा.

५ फेब्रुवारी

वेळापत्रक केलं. चार रंगांत. पहाटे पाच ते सात निबंध (हिरवा), संध्याकाळी व्याकरण (निळा), जेवणानंतर शब्दसंग्रह (लाल), रविवारी सराव परीक्षा (जांभळा). भिंतीवर लावलं. लांबून फारच सुंदर दिसतं.

कन्येने (वय बारा, जीभ तीस वर्षांची) विचारलं, बाबा, यात लॅबमध्ये कधी जायचं? लॅब टाकायची राहिली होती. नवीन करावं लागेल. जांभळा पेन संपला आहे. उद्या.

६ फेब्रुवारी

गजर पाचला वाजला. मी बंद केला असं बायको म्हणते. मला आठवत नाही. जे आठवत नाही त्याची जबाबदारी माणसावर येत नाही.

गजराने बायको मात्र उठली आणि मग तिला झोप लागली नाही, म्हणून तिने शाळेचं काम उरकलं. ती ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवते. मी उठलो तेव्हा तिचे कागद तपासून झाले होते, डबे भरून झाले होते. माझ्या परीक्षेमुळे घरात अभ्यासाचं वातावरण तयार होतंय, हे काय कमी आहे?

९ फेब्रुवारी, रविवार

पहिला निबंध. विषय: यंत्रांमुळे माणूस एकटा पडतो आहे का?

सुरुवात जोरदार झाली. 'इन धिस मॉडर्न वर्ल्ड ऑफ टुडेज मॉडर्न टाइम्स.' दोनदा मॉडर्न आलं, पण त्याने जोर येतो. मग घरात टीव्ही चालू असल्याचं लक्षात आलं. बंद करायला लावला. मग कुकरची शिट्टी. मग नळ. मग शेजारच्यांचं दार. हे लोक परदेशात असते तर दार असं आपटलं असतं का? या विचारात अर्धा तास गेला. तो विचारही इंग्रजीत केला असता तर सराव झाला असता.

निबंध: एक वाक्य. पण पाया पक्का.

१२ फेब्रुवारी

शब्दसंग्रह! गुपित सापडलं. इंटरनेटवर एका माणसाने सांगितलं, तपासणाऱ्यावर छाप पाडायची तर भारी शब्द पेरा. प्लेथोरा. मिरियड. पॅरामाउंट. नेव्हरदलेस. नुसता उच्चार केला तरी माणूस शिकलेला वाटतो.

आमच्या कामातही तेच. कॅप कशीही असो, पॉलिश असं करायचं की डॉक्टरचे डोळे दिपले पाहिजेत. मग ती तोंडात बसते की नाही ते डॉक्टर आणि पेशंट बघून घेतील.

लॅबमध्ये मेणबत्तीला हे सांगितलं. मेणबत्ती म्हणजे माझ्या शेजारचा टेक्निशियन. मेणाचे दात कोरतो आणि अंगानेही तसाच, उंच, पांढरट, उकाड्यात वाकणारा. त्याने विचारलं, प्लेथोरा म्हणजे काय? मी म्हटलं, भरपूर. तो म्हणाला, मग भरपूर का नाही लिहायचं? या माणसाला परदेशात कोण घेणार?

१६ फेब्रुवारी, रविवार

क्लास लावला. घरच्या लोकांना माझी पातळी पेलवत नाही, म्हणून. क्लास एका शिलाईच्या दुकानावर आहे. खाली मशिन चालतं आणि वर टेबल थरथरतं, त्यामुळे अक्षर खराब येतं. हे आधीच नोंदवून ठेवतो.

मॅडम माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. त्यांनी तिथेच एक निबंध लिहून घेतला. मग लाल पेनने नव्हे, पेन्सिलने खुणा केल्या. (आत्मविश्वास कमी असावा.) म्हणाल्या, काका, एका निबंधात पाच प्लेथोरा आलेत. मी नम्रपणे मान खाली घातली. मग म्हणाल्या, आणि प्रश्नाचं उत्तर कुठेच नाही.

काका!

त्यांचा सल्ला असा: आधी पाच मिनिटं काही लिहायचं नाही, नुसता विचार करायचा. एका परिच्छेदात एकच मुद्दा. मुद्द्याला स्वतःच्या आयुष्यातलं खरं उदाहरण. शेवटी परत वाचून ए, अ‍ॅन, द तपासायचं. आणि साधे शब्द.

साधे शब्द वापरायचे तर फी कशाला भरली? पण 'पाच मिनिटं काही लिहायचं नाही' हे पटलं. त्यात मला चांगलीच गती आहे.

२० फेब्रुवारी

आज साहेबांना विश्वासात घेऊन सांगितलं की मी साधारण जूनपासून इथे नसेन. साहेबांची लॅब आहे, त्यांना आधी कळायला हवं. मला वाटलं ते हादरतील, पगारवाढ देऊ करतील, मी खेदाने नाही म्हणेन. ते चहाच्या कपातून वर न बघता म्हणाले, छान, छान.

दुपारी बघतो तर खिडकीजवळच्या माझ्या टेबलावर मेणबत्तीचा पंखा! साहेब म्हणाले, तू जाणारच आहेस, त्याला आत्तापासून सवय होऊ दे. मला आतल्या खोलीत प्लास्टर घासायच्या मशिनजवळ बसवलंय. धूळ आहे. पण मोठ्या प्रवासाआधी माणसाने सामान हलकं करावंच.

२३ फेब्रुवारी, रविवार

महत्त्वाचा शोध. वेगवेगळे निबंध शिकण्याची गरजच नाही! एकच निबंध पाठ करायचा आणि कुठल्याही प्रश्नाला बसवायचा. मी प्रदूषण निवडलं. पूर्ण पाठ केलं, अंघोळ करताना म्हणतो. कन्येलाही पाठ झालं आहे, मात्र ती ते रडक्या आवाजात म्हणते.

२ मार्च, रविवार

क्लासमध्ये सराव परीक्षा. प्रश्न: शाळेत संगीत सक्तीचं असावं का? मी लिहिलं की संगीत वाजवलं की आवाज होतो, आवाज म्हणजे ध्वनिप्रदूषण, आणि प्रदूषणाचे प्रकार तीन. तिथून गाडी सरळ रुळावर. शेवटी झाडे लावा.

मॅडमनी चार दिले. नऊपैकी. म्हणाल्या, काका, खरं सांगू? हसून हसून माझ्या पोटात दुखलं. म्हणजे वाचकावर परिणाम होतोय. परिणाम हाच लेखनाचा उद्देश असतो, गुण नव्हे.

घरी सांगितलं, दहापैकी चार म्हणजे वाईट, पण नऊपैकी चार म्हणजे जवळजवळ निम्मे. बायकोने ताट वाढलं.

५ मार्च

बायको जेवताना म्हणाली, शाळेने तिला विचारलंय, जूनपासून मुख्याध्यापिका व्हाल का? तिच्या डोळ्यांत काहीतरी होतं. अभिनंदन करणार होतो, पण त्याच क्षणी नेव्हरदलेस कुठे वापरायचा ते डोक्यात आलं, आणि विसरू नये म्हणून मोठ्याने म्हटलं, "नेव्हरदलेस!" मग तिला समजावलं, जूनमध्ये आपण इथे असणारच नाही, सरळ नाही सांगून टाक.

तिने फ्रिजचं दार आपटलं. दाराचं रबर सैल झालं असावं. बघायला पाहिजे.

८ मार्च, शनिवार

मॅडमनी गृहपाठ दिला: 'काहींच्या मते चांगल्या कामासाठी कुटुंबाने परदेशी जावं. काहींच्या मते आहे तिथेच राहावं. दोन्ही बाजू मांडा, मग स्वतःचं मत द्या.' हा विषय माझाच! पहिली बाजू मला तोंडपाठ आहे. दुसऱ्या बाजूला काही मुद्दे असतील असं मला वाटत नव्हतं, पण दोन्ही मांडायच्या म्हणतात. म्हणून बायकोला म्हटलं, जरा तू दुसरी बाजू घे. फक्त सरावासाठी.

ती पदराला, म्हणजे ओढणीला हात पुसत आली, खुर्ची ओढून समोर बसली. कन्येला आत पाठवलं. सरावाला इतकी तयारी!

म्हणाली, "लिहून घेतोस ना? तिथे मी कोण असेन? तुझी बायको. इथे मी कोणीतरी आहे."

लिहिलं.

म्हणाली, "माझ्या मुलांच्या खुणा आणि तिथल्या खुणा वेगळ्या आहेत. तिथल्या मुलांशी मला बोलता येणार नाही. वीस वर्षं मी हातांनी बोलायला शिकले. तिथे गेले की हात मुके."

हेही लिहिलं. 'हात मुके' इंग्रजीत कसं करायचं ते विचारलं. तिला येईना.

मग म्हणाली, "माझी आई इथे एकटी आहे. तू मला हे सगळं आधी कधी विचारलंस?"

मी म्हटलं, हा प्रश्न निबंधात चालणार नाही, निबंधात प्रश्न विचारत नाहीत.

ती उठून गेली. तिने फार समरस होऊन केलं. डोळे ओले होते. नाटकात जायला हवी होती.

९ मार्च, रविवार

निबंध मॅडमना दिला. पहिल्या परिच्छेदाला, म्हणजे माझ्या बाजूला, त्यांनी 'काय म्हणायचंय?' असं लिहिलं. दुसऱ्याच्या समासात बरोबरच्या तीन खुणा. शेवटचा परिच्छेद, माझं मत, एका ओळीचं होतं: 'नेव्हरदलेस, फॉरेन इज व्हेरी गुड अँड पॅरामाउंट.' त्याखाली मॅडमनी पेन्सिलने लिहिलंय: "तुम्ही स्वतःशी सहमत आहात का?"

मग विचारलं, दुसरी बाजू कोणी लिहिली? मी म्हटलं, मीच, मुद्दे तेवढे पत्नीने पुरवले. त्या म्हणाल्या, हातांचं वाक्य खूप चांगलं आहे, ते पाठ नका करू, तसं लिहायला शिका. त्यांनी खुर्चीतून पुढे वाकून हळूच विचारलं, आणि काका, त्या यायला तयार आहेत ना?

शिकवण्यापलीकडचे प्रश्न विचारायची फी मी भरलेली नाही.

१४ मार्च

घराची किल्ली लॅबमध्ये विसरलो. कन्या नृत्याच्या क्लासला. परत लॅबमध्ये गेलो असतो तर मेणबत्तीने हसून बघितलं असतं, म्हणून बायकोच्या शाळेत गेलो. एवढ्या वर्षांत दुसऱ्यांदा. रस्ता विचारावा लागला.

म्हटलं, बरं झालं. ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा म्हणजे शांतता. तास संपेपर्यंत बसून एक निबंध होईल. कसली शांतता! मुलं पाय आपटतात, बाक वाजवतात, हसतात ते तर असं, की छतावरची कबुतरं उडाली. त्यांना स्वतःचा आवाज कळत नाही, त्यामुळे कोणाला संकोच नाही. मी मागच्या बाकावर वही उघडून बसलो.

बायको फळ्यासमोर उभी होती. काहीतरी गोष्ट सांगत होती. गोष्टीत बहुतेक नदी होती, कारण तिचे दोन्ही हात वाहत होते. मग त्यात कोणीतरी पडलं. सगळ्या वर्गाने छातीवर हात धरले. एक दात पडलेली मुलगी उठून उभी राहिली आणि हातांनी ओरडली. मला एकही खूण कळत नव्हती, तरी तो माणूस वाचला तेव्हा मला हुश्श वाटलं.

घरी ही बाई इतकी बोलत नाही.

एक निबंध झाला. शाळेबद्दलच लिहिला, दुसरं समोर काही नव्हतं. घाईत प्लेथोरा टाकायचा राहिला. प्रदूषणही नाही आलं. फुकट गेला.

१६ मार्च

त्याच निबंधाला मॅडमनी साडेसहा दिले! म्हणाल्या, हे पाहिलं तेच लिहिलंत ना? असंच लिहा. त्यांचं गणित मला कळत नाही. घाईघाईने, बिनपॉलिशची दिलेली कॅप डॉक्टरला आवडावी तसं झालं हे.

२९ मार्च

परीक्षा आठवड्यावर. ऐन वेळी सासूबाईंचा गुडघा. बायको दवाखाना, शाळा, घर अशी धावते आहे. मीही मदत केली. तिला म्हटलं, माझी काळजी करू नकोस, माझा अभ्यास चालू आहे. तिने वेळापत्रकाकडे बघितलं. त्यावर कन्येने मांजर काढलंय, जांभळं.

प्रदूषण अजून पाठ आहे. हुकमाचा पत्ता तोच.

५ एप्रिल, शनिवार

परीक्षा झाली.

हॉलमध्ये थंडी वाजत होती, आणि माझ्या पुढे बसलेला तरुण कागदावर असा तुटून पडला होता की मला त्याच्या पाठीचाच राग आला. निबंधाचा प्रश्न: 'काही माणसं आयुष्यभर एकाच ठिकाणी राहतात. काही चांगल्या संधीसाठी दूर जातात. दोन्ही बाजू मांडा, मग स्वतःचं मत द्या.'

प्रदूषण लावायचा प्रयत्न केला. 'दूर जाताना विमान धूर सोडतं.' त्यापुढे प्रामाणिकपणे काही जमेना. खोडलं. मग मॅडमची पाच मिनिटं आठवली. पेन खाली ठेवलं.

जाण्याची बाजू आधी घेतली. माझीच बाजू. चांगलं काम. चांगली जागा. दादा. इथे पेन थांबलं. दादा हा मुद्दा आहे का, हे ठरेना. एवढे महिने मी हीच बाजू घेऊन फिरतोय आणि लिहायला तीन ओळी! आधी पेनला दोष दिला. पेन बदललं. दुसऱ्या पेनातूनही तीनच ओळी.

मग राहण्याची बाजू. तिला मात्र पूर आला. शाळा आली, मागचा बाक आला, नदी आली, दात पडलेली मुलगी आली. हात मुके होणं आलं, इंग्रजीत कसं ते आपोआप सुचलं. आई आली, एकटी. 'इथे मी कोणीतरी आहे' हे वाक्य लिहिलं तेव्हा हात थांबला, कारण मी कोण आहे ते बघायला गेलो तर प्लास्टरच्या मशिनजवळ बसलेला दिसलो. पान भरलं. वेळ संपत आला. आता एवढी मोठी बाजू मांडून मत उलटं देणार कसं? मॅडम पुन्हा विचारणार, स्वतःशी सहमत आहात का. म्हणून शेवटी लिहिलं: ज्याची जिथे गरज आहे, जिथे त्याचे हात बोलतात, तिथे त्याने राहावं असं माझं मत आहे.

निव्वळ गुणांसाठी. डावपेच. याचा खऱ्या मताशी काही संबंध नाही.

ए, अ‍ॅन, द तपासले.

१८ एप्रिल, शुक्रवार

सात! निबंधाला सात! बाकी सगळीकडेही पुरेसे. साडेसहा हवे होते, मी सात घेतले. लॅबमध्ये सगळ्यांना सांगितलं. मेणबत्तीने मनापासून हात मिळवला, याचा थोडा राग आला. साहेब म्हणाले, छान, छान.

येताना मोठी सूटकेस घेऊन आलो. चार चाकांची, कुठल्याही दिशेला फिरणारी. जिन्यावरून वर आणताना एक चाक निखळलं, पण तीनवरही फिरते.

बायको सासूबाईंकडून नुकतीच आली होती. मी मोबाईल तिच्या डोळ्यांसमोर धरला. तिने सात बघितलं आणि खरंच हसली. म्हणाली, "अरे वा! मला माहीत होतं तुला जमेल." मग विचारलं, विषय काय होता?

सांगितला.

"मग तू काय लिहिलंस?"

मी सगळं सांगितलं. शाळा, नदी, मुलगी, मुके हात, आई. शेवटचं मतही. सांगताना माझ्या लक्षात येत होतं की हे नको सांगायला, पण मिळालेल्या गुणांची ऐट होती.

तिने सूटकेसकडे बघितलं नाही. मग म्हणाली, "हे तू लिहिलंस. एका अनोळखी माणसाला लिहून दिलंस. सही केल्यासारखं."

मी म्हटलं, ते डावपेच होते.

ती म्हणाली, "मी शाळेला हो सांगितलंय. मार्चमध्येच. तुला सांगत होते तेव्हा तू नेव्हरदलेस म्हणालास."

२० एप्रिल, रविवार

आज तिला पटवायचं ठरवलं. दुपारी जेवणं झाल्यावर, शांतपणे, मुद्देसूद. पाच मिनिटं आधी नुसता विचार केला.

मुद्दा पहिला: तिथे चांगलं आहे. तिने विचारलं, काय चांगलं आहे? मी म्हटलं, सगळंच. कन्या आतून ओरडली, "बाबा, उदाहरण द्या!" तिला दार लावायला सांगितलं.

मुद्दा दुसरा: दादा आहे. बायको म्हणाली, दादा मागच्या वर्षी आले तेव्हा आपल्याकडे किती वेळ बसले? मला आठवेना. चहा घेतला नव्हता हे आठवलं.

मुद्दा तिसरा: मला जायचं आहे. हा मुद्दा मी जरा हळू आवाजात मांडला.

यावर ती वाद घालेल असं वाटलं होतं. ती माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "तू जा. मी खरंच अडवणार नाही. मी आणि आपली लेक इथे राहू, आईचं बघू, सुट्टीत तू ये. पण तिकडे जाऊन तुला काय हवं आहे, ते मला एकदा नीट सांग. मराठीत सांग. साध्या शब्दांत."

मी तोंड उघडलं.

मग मिटलं.

ती वाट बघत राहिली. नंतर तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी म्हटलं, उद्या सांगतो.

२१ एप्रिल

काही सुचलं नाही. धुळीने असेल.

२२ एप्रिल, मंगळवार

साहेबांना सांगितलं की मी जात नाही. कौटुंबिक कारण. ते म्हणाले, छान, छान. खिडकीजवळची जागा परत मिळेल का विचारलं. म्हणाले, मेणबत्तीची आता तिथे घडी बसली आहे, बघू पावसाळ्यानंतर.

संध्याकाळी दादाला फोन लावला. याची तयारी मात्र जय्यत होती. तो रागावेल, म्हणेल एवढी ओळख काढली, एवढी खटपट केली, लोकांना तोंड कसं दाखवू. मग समजावेल, मग विनवेल. त्या प्रत्येकाला उत्तर काढून ठेवलं होतं. बायको पलीकडे कन्येच्या वह्यांना कव्हरं घालत होती. ऐकत नसल्यासारखं करत होती, पण कागद फाडायचा आवाज थांबला होता.

मी म्हटलं, दादा, मी पास झालो. सात मिळाले. पण मी येत नाही. हिचं इथे काम आहे. हिला सोडून मला तिकडे जायचं नाही.

शेवटचं वाक्य तयारीत नव्हतं. ते कुठून आलं कळलं नाही. पलीकडे कागद फाडायचा आवाज पुन्हा सुरू झाला, हळूहळू.

दादा म्हणाला, "बरं."

मी थांबलो. त्याला धक्का बसला असेल, सावरायला वेळ द्यावा.

तो म्हणाला, "ठीक आहे रे. त्यांनी तसाही मागच्या आठवड्यात कोणीतरी घेतला. तुला सांगायचं राहून गेलं." मग त्याच्या त्या सावकाश आवाजात म्हणाला, "ऐक ना, माझी पुढची कॅप हलायला लागली आहे. इकडे फार महाग पडते. माप पाठवलं तर करून देशील?"

मी विचारलं, वरची की खालची?